दोन कॅमेरे आणि हिराबाईंचा फोटो

सकाळी सहाच्या एसटीनं सांगली सोडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, भाचीसाठी भडंग, मनगटाला बांधायचा पट्टा आणि एक वही होती. वहीत उभी रेघ मारून दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांचे दोन रकाने केले होते. एकावर 'डीएसएलआर', दुसऱ्यावर 'मिररलेस'. निवृत्त शिक्षिकेला कुठलीही खरेदी रकान्यांशिवाय जमत नाही.

पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद मला नोकरी संपल्यावर लागला. कृष्णाकाठी एका छोट्या कॅमेऱ्यावर चार वर्षं भागवली, मग तो बंद पडला. माझी भाची केतकी खारघरला राहते. ती फोनवर म्हणाली, "मावशी, माझा डीएसएलआर कपाटात नुसता पडलाय. तो घेऊन टाक. पण आधी मिररलेस वापरून बघ, नाहीतर नंतर मलाच ऐकवशील." म्हणून तीन दिवसांचा हा बेत.

घाट उतरताना दमट वारा खिडकीतून आत आला आणि मला तीस वर्षांपूर्वीचं नेरूळ आठवलं. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं आम्ही तिथे राहिलो. मी खाडीपलीकडे, उलव्याच्या बाजूच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायची. बेलापूरहून बस, पुढे मिठागरांच्या (मिठाच्या वाफ्यांच्या) बांधावरून पायी. दुपारी डबा खायला मी शाळेशेजारच्या हिराबाईंच्या ओटीवर बसायची. त्या आणि त्यांचे यजमान मिठागरावर कामाला जात. त्यांचा मुलगा परशुराम माझ्या वर्गात होता.

बदली झाली तेव्हा मी ह्यांचा रोलवाला कॅमेरा घेऊन गेले आणि हिराबाईंचा नि त्यांच्या यजमानांचा घरापुढे फोटो काढला. दोघांचा एकत्र तो पहिलाच. "पाठवते हं," म्हणाले. सांगलीला रोल धुवायला दिला तर कोरा निघाला. मी तो नीट अडकवलाच नव्हता. बटण वाजत होतं, आत रोल जागचा हलत नव्हता. कळवायचं कसं, या लाजेत आधी महिने गेले, मग वर्षं. पुढे यजमान वारले आणि गावही विमानतळासाठी उठलं. हे सगळं मला जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. या खेपेला परशुरामला मेसेज टाकला होता, "तिसऱ्या दिवशी येते." फोटोचं मात्र त्यात काही लिहिलं नव्हतं.

खारघरला उतरले तर ओळखीचा फक्त डोंगर. त्याच्या पायथ्याशी एवढ्या इमारती उभ्या आहेत, की मान वर करून बघताना चष्मा घसरला. केतकीचं घर चौदाव्या मजल्यावर. चहा होताच तिनं कपाटातून डीएसएलआर काढून माझ्या हातात दिला. त्याच्या लेन्ससकट तो दोन किलोंच्या पिठाच्या पिशवीसारखा लागला. मोडून जुळलेलं माझं उजवं मनगट लगेच कुरकुरलं. पण डोळ्याला लावला आणि बरं वाटलं. समोरची मेट्रो, गॅलरीत वाळणारे कपडे, सगळं जसंच्या तसं.

"आत आरसा असतो," केतकी म्हणाली. "तो समोरचं दृश्य तुझ्या डोळ्यापर्यंत आणतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो. म्हणून आवाज येतो."

मी दाबलं. खट्टाक! ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा आवाज अगदी असाच होता. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मी उगीचच आणखी चार वेळा दाबलं. केतकी भडंगाची पिशवी फोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सीवूड्सला इक्बालभाईंच्या दुकानात गेलो. ते कॅमेरे विकतात आणि भाड्यानंही देतात. "मी पनवेलचा, बाई. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता," ते म्हणाले. "विकत घ्यायची घाई नका करू. दोन दिवस वापरा, हाताला विचारा." मिररलेस त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. निम्म्यानं हलका. आत आरसा नाही. डोळ्याला लावल्यावर दिसतो तो एक चिमुकला पडदा. उजेड कमीजास्त केला की फोटो कसा येईल ते आधीच त्यात दिसतं. मी म्हणाले, "म्हणजे उत्तर बघून गणित सोडवायचं." इक्बालभाई हसले, "साठीनंतर चालतं, बाई."

तिथून खाडीकाठच्या पाणथळीवर गेलो. ओहोटी होती. चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे होते, शेकड्यांनी, माना खाली घालून आपल्याच कामात. पाठीमागे टॉवर आणि पुढे गुलाबी पाय. आमच्या वेळी हे पक्षी नव्हते की आम्ही बघायला कधी आलो नाही, कोण जाणे. मिररलेसमध्ये पक्ष्याच्या डोळ्यावर एक छोटा चौकोन बसायचा आणि पक्षी चालला तरी त्याला सोडायचा नाही. माझी नजर आता तेवढी पक्की राहिलेली नाही. मला तो चौकोन फार आवडला. आवाज काहीच नाही. जवळचा बगळासुद्धा बिचकला नाही.

मग एकाएकी सगळा थवा उठला. आभाळभर पंख, आणि माझ्या डोळ्यापुढचा पडदा काळा! बॅटरी संपली होती. "मावशी, हा घे, हा घे!" म्हणत केतकीनं डीएसएलआर पुढे केला. तो उचलून, रोखून धरेपर्यंत पक्षी लांब गेले. हाती आले ते चार ठिपके. जवळ उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "मॅडम, पुढच्या ओहोटीला या. ते कुठे जात नाहीत." मी वहीत लिहिलं : 'मिररलेस. हात खूश. दुसरी बॅटरी हवीच.' आणि पलीकडच्या रकान्यात : 'डीएसएलआर. बॅटरी भक्कम. मनगट नाही म्हणतं.'

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून उलव्याला निघाले, एकटीच. दोन्ही कॅमेरे मांडीवर, मिररलेस रात्रभर चार्ज केलेला. रुंद रस्ते, नव्या सोसायट्या, डोक्यावरून खाली उतरत येणारं विमान. बांधावरची माझी पायवाट कुठे असेल याचा अंदाज घेत राहिले, लागला नाही. परशुराम नाक्यावर उभा होता. कानावरचे केस पांढरे, पण हसणं चौथीतलंच. "बाई, तुमी एकदम सेम हाय!" त्यानं खोटं सांगितलं आणि रस्त्यातच वाकून नमस्कार केला.

नव्या जागेत मिळालेल्या प्लॉटवर त्यानं दुमजली घर बांधलंय. हिराबाई खाली, दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. माझा हात हातात घेऊन त्यांनी कोपरापर्यंत चाचपला. "बाईच हाय. हाडां तीच." मग शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "गो, बघ कोन आलंय! हीच ती बाई. हिच्याकडं आमचा दोगांचा फोटू हाय, सांगलीला."

तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) माझ्यापुढे आला. घास तोंडात फिरत राहिला. जेवण झाल्यावर शेजारीण गेली आणि मी एका दमात बोलून टाकलं.

"हिराबाई, तो फोटो माझ्याकडे नाही. तो निघालाच नव्हता. माझ्या हातून रोल चुकीचा बसला. मी तुम्हाला कळवलं नाही."

त्या म्हणाल्या, "आवाज तर आला व्हता त्याचा."

"आवाज आला होता. फोटो आला नाही."

"तीस वर्सां मी लोकांना सांगतंव, त्यांचा येक फोटू हाय बाईकडं." त्यांचा आवाज चढला. "त्यांचा दुसरा नाय गो कुठं. सांगाया पायजे व्हता तू."

"हो. सांगायला पाहिजे होतं."

त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत आत निघून गेल्या. मी पिशवी उचलली. परशुराम म्हणाला, "बसा, बाई. राग आला की ती आत जाते. येते परत."

बराच वेळ आतून काही ऐकू येईना. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. हिराबाई आल्या त्या साडी बदलून. हिरवी, जरीच्या काठाची. केस पाणी लावून चापून बसवलेले. खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "काढ आता. यकलीचा तर यकलीचा."

मी मिररलेस घेतला. चौकोन आपोआप त्यांच्या मिटल्या पापणीवर बसला. मी काढत गेले, सहा, सात. हिराबाई श्वास रोखून बसलेल्या. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी थांबले तरी त्या तशाच.

"झालं, हिराबाई."

"कुठं जाला? वाजला नाय." त्यांचा चेहरा पडला. "ह्योबी नाय निंगाला काय?"

"निघालाय. सात निघालेत. छान आलेत." मी पडदा त्यांच्यापुढे धरला आणि दुसऱ्याच क्षणी मागे घेतला. परशुरामही म्हणाला, "आये, मी बघतंय ना, आलाय." पण त्यांचा विश्वास बसेना. का बसावा? एकदा आवाज झाला होता आणि फोटो नव्हता. आता फोटो होता, तर आवाज नव्हता. आणि दोन्ही वेळा सांगणारी मीच.

मी डीएसएलआर काढला. मनगटाला पट्टा बांधला, कोपर गुडघ्यावर टेकवलं. खट्टाक!

हिराबाईंनी धरलेला श्वास सोडला आणि त्या हसल्या. वरचे दोन दात नाहीत, त्या फटीतून जीभ दिसेपर्यंत हसल्या. "हां. ह्यो निंगाला!" मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मनगट कुरकुरत होतं, पण त्या प्रत्येक आवाजाला हसत होत्या. मला वाटतं त्यांना बघून परशुरामही तोंड फिरवून डोळे पुसत होता. नक्की सांगता येत नाही. माझाही चष्मा धूसर झाला होता.

परतताना इक्बालभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, सायलेंट मोड चालू राहिला असेल. माझीच चूक. हा पण वाजतो." त्यांनी एक बटण फिरवलं. खट् असा बारीक, सभ्य आवाज आला. मी दोन बॅटऱ्यांसह मिररलेसच घेतला. मनगटाचं ऐकावं लागलं. केतकीचा डीएसएलआर तिच्या हाती देताना मात्र वाईट वाटलं. तिनं विचारलं, "रडतेस काय, मावशी?" मी म्हणाले, "छे! हात भरून आलाय." तेही खोटं नव्हतं.

सांगलीला आल्यावर सगळे फोटो मोठे करून बघितले. मिररलेसचे सातही रेखीव. एकेक सुरकुती मोजून घ्यावी असे. पण त्या सातांत एक बाई वाट बघत बसलीय. डीएसएलआरचे थोडे हललेले. त्यातला हसरा एक मी छापून घेतला, चौकटीत घातला आणि कुरिअर केला.

आठवड्यानं परशुरामचा फोन आला. "बाई, आयेनं दारासमोरच लावलाय. येईल त्याला विचारते, मी कशी दिसतंय त्यात. आता तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

हिराबाईंनी आधी साडीचा रंग विचारला. मग दात. मी सांगितलं, "दिसतात. नसलेले पण दिसतात." त्या हसल्या. मग विचारलं, "मागं काय हाय फोटूत?"

माझ्या डोळ्यांपुढे जुनं घर आलं, ओटी, तिच्यावर उतरणारं दुपारचं ऊन आणि दाराशी अवघडून उभे असलेले त्यांचे यजमान. तेवढं सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं. पण मी म्हणाले, "परशुरामची स्कूटर आहे. पाण्याची निळी टाकी आहे. आणि वर तारेवर कुणाचा तरी टॉवेल."

"नातवाचा," त्या म्हणाल्या. "रोज तिथंच टाकतो." आणि मग त्या नातवाबद्दल बोलायला लागल्या.