बिदाई लेक निघाल्यावरच

अकोल्यात नसीमबानोचा बँड आहे. बाप गेल्यावर भाऊबंद म्हणाले, बाईमाणूस कुठं बँड चालवते! नसीमआपानं कुणाशी हुज्जत घातली नाही. गळ्यात शिट्टी अडकवली आणि वरातीच्या पुढं चालायला लागली. आता तेच भाऊबंद आपल्या पोरांच्या लग्नाची तारीख मिळावी म्हणून माझ्याकडून वशिला लावतात.

मी अमरावतीला विद्यापीठात आहे, वऱ्हाडातल्या बँडांच्या जुन्या चालींवर संशोधन करते. मध्यंतरी एक योजना निघाली. छोटा कलाव्यवसाय आणि संशोधक यांनी जोडीनं अर्ज करायचा, वर्षभराचा निधी दोघांना मिळून. मला चाली हव्या होत्या आणि आपाला तिची माणसं. लग्नसराई संपली की वादक वरूडला संत्र्याच्या पॅकिंगला जातात, आणि दरवर्षी एखादा तिकडचाच होऊन जातो. गेल्या वर्षी ट्रम्पेटवाला गेला, तो आलाच नाही. निधी मिळाला तर रिकाम्या महिन्यांत स्टुडिओत चाली रेकॉर्ड करायच्या आणि वादकांना पगार द्यायचा. नाही मिळाला तर यंदा बँड मोडतो, असं आपानंच मला सांगितलं होतं.

अर्जात आमचा सगळा भर होता बिदाईच्या, लेक सासरी निघताना वाजवायच्या धूनवर. आपाच्या आजोबांनी ती बसवलेली. समितीनं ऐकायला यायची तारीख कळवली आणि नेमकं त्याच दिवशी अंजनगाव सुर्जीला खुशालरावांच्या लेकीचं, आचलचं लग्न.

"इसार घेतला हाये," आपा म्हणाली. "समितीले म्हणा, लग्नाले या."

समिती आली तेव्हा मंगलाष्टकंही व्हायची होती. अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "ती बिदाई तेवढी ऐकवा. आम्हाला चारला निघायचंय."

"नाही साहेब. पोरगी अजून मांडवात हाये. लेक घरात असताना बिदाई वाजवत नसतात."

"मग स्टुडिओत कशी वाजवणार?"

हो म्हण, बाई, हो म्हण, असं मी डोळ्यांनी विनवत होते.

"नाही वाजवणार," आपा म्हणाली. "बाकी साऱ्या चाली देऊ. बिदाई आयकाची तर लेक निघेपर्यंत थांबा लागते."

मी तिला बाजूला ओढलं. "आपा, निधी हातचा जाईल. पोरं वरूडला जातील."

"मले मालूम नाही काय? पण त्या पोरीच्या बापासमोर कोन्त्या तोंडानं उभी राहू?"

आणि तिनं शिट्टी फुंकली. असा राग आला मला, की त्या शिट्टीसकट तिला तिथंच सोडून बस पकडावी.

समिती चारला निघाली खरी, पण खुशालराव गाडीसमोर आडवे आले. "पंगतीत बसल्याबिगर पाव्हना हालत नाही आमच्या दारातून!" वऱ्हाडातली पंगत ती, उठेउठेस्तो दिवस कलला. बाकीचे दोघं गाडीत पेंगायला लागले. अध्यक्ष मात्र मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले.

आचलनं उंबरा ओलांडला. आपानं मान हलवली आणि तिचा भाऊ शफीक, त्यानं क्लॅरिनेट ओठाला लावलं. दिवसभर मांडवात आरडाओरडा करणारे खुशालराव जागच्या जागी थिजले, मग ढोलवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागले. ढोलवाल्यानं एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्यानं ठेका चालू ठेवला. मीही रडले. राग कुठल्या कुठं गेला.

"रेकॉर्डिंग झालं काय, साहेब?" नंतर आपानं विचारलं.

"राहून गेलं," अध्यक्ष म्हणाले. फोन त्यांच्या खिशातच होता.

निधी मंजूर झाला. पत्रात एक ओळ जास्तीची होती: बिदाईचं ध्वनिमुद्रण फक्त लग्नातच करावं.

ऑक्टोबरात मी स्टुडिओत असताना वरूडच्या व्यापाऱ्याचा आपाला फोन आला, माणसं कधी पाठवता म्हणून.

"यंदा कोनी येत नाही, शेटजी," आपा म्हणाली. "पोरं वाजवून राहिली. अन् माहा ट्रम्पेटवाला हाये तुमच्याकडं, त्याले तेवढा धाडून द्या."