जागल्याचा तीर

ब्राह्मणपुरीच्या पुढे, सातपुड्याची चढण लागायच्या आधी, एक लहान गाव होतं. तिथला जागल्या भिल्ल होता. गावाची राखण, चोरांचा माग काढणं आणि सरकारी माणसांना डोंगरात वाट दाखवणं ही त्याची कामं. वय साठीच्या पुढे. खांद्याला बांबूचा कामठा, म्हणजे धनुष्य, असे, आणि कामठ्याची दोरीही बांबूच्या सालीचीच. मी तेव्हा, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या दोन-तीन वर्षांत, धुळ्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचा तालुक्यातला बातमीदार होतो. त्याआधी थोडे दिवस शाळेवर होतो, म्हणून तो मला मास्तर म्हणे.

त्याच्या लोकांचा एक रिवाज मी त्याच्याकडून ऐकला. एखाद्याला आपल्या भरवशावर धोक्याच्या वाटेने न्यायचं असेल, तर नेणाऱ्याने आपला एक तीर त्याच्या घरी ठेवायचा. माणूस ठरल्याप्रमाणे पोहोचला की तीर परत मिळे. वाटेत दगा झाला तर नेणाऱ्याने स्वतः त्या घरी जायचं आणि घरच्यांनी त्याच्यासमोर तीर मोडायचा. त्यानंतर त्याने कोणाला शब्द द्यायचा नाही आणि दिला तरी तो कोणी घ्यायचा नाही. शिक्षा एवढीच होती. जागल्याने आयुष्यात पाच वेळा तीर दिला होता. पाचही परत आले होते.

सहावा त्याने दिला तो एका तरुणासाठी. वरच्या पाड्यावरच्या या तरुणाने राखीव जंगलात साग तोडला. जंगलखात्याचा नाकेदार अडवायला गेला, झटापट झाली, नाकेदाराचा हात मोडला. तरुण रानात पळाला आणि चार महिने कोणाला सापडला नाही. शेवटी तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी जागल्याला बोलावून घेतलं. मी बातमीसाठी तिथे बसलो होतो.

"तुमच्यातलाच आहे," साहेब म्हणाले. "आणून दे."

"आनस, रावसाहेब. पन दोरी नही. कचेरीनी पायरीपावत तो मन्हासंगे मोकळा चाली."

"लग्नाला येतोय का तो?"

"लगीन ऱ्हातं तं तुम्हले बलावनं धाडतू."

कारकून हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "बरं. पायरीपर्यंत दोरी नाही."

जागल्या डोंगरात गेला. तरुणाची आई विधवा होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. तीर तिच्या हाती दिला. आठवड्याने खाली उतरला तो थेट माझ्याकडे आला आणि ओट्यावर बसून सगळं सांगू लागला. येत्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, गोमाई नदीच्या उतारावरून यायचं ठरलं होतं. चोरासारखं आडवाटेने नाही, भर बाजारातून. असा माणूस हजर करताना लोकांनी पाहावं, अशी त्याची इच्छा होती. ती त्याने लपवली नाही. मला कोणाला सांगू नको असंही तो म्हणाला नाही. त्याच्या हिशेबी तो एका माणसाशी बोलत होता.

मी बातमी लिहिली. फरारी आरोपी येत्या मंगळवारी बाजाराच्या वेळी गोमाई ओलांडून कचेरीत स्वतःहून हजर होणार असल्याचं समजतं, असं तिच्यात होतं. कोण, कुठे, केव्हा, हे पहिल्या वाक्यात आलं पाहिजे, असं मला शिकवलं होतं. ते आलं. संपादकांनी बातमी पहिल्या पानावर घेतली. अंक शनिवारी निघाला.

आरोपी आपल्या पायांनी आला तर त्याला पकडल्याची नोंद कोणाच्याच नावावर होत नाही. हे पोलिसांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक असायला हवं होतं.

मंगळवारी मी नदीच्या अलीकडच्या काठावर उभा होतो. सकाळचे दहा वाजले असतील. पात्रात घोट्याएवढं पाणी होतं. समोरून दोघं उतरले, जागल्या पुढे आणि तरुण चार पावलं मागे. तरुणाने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि डोक्याला नवं फडकं बांधलं होतं. ते पाण्याच्या मध्यावर आले तेव्हा बाभळींमागून चार शिपाई आणि त्यांचा जमादार निघाले. तरुण पळाला नाही. दोघा शिपायांनी त्याचे हात मागे ओढून काढणीच्या दोरीने बांधले. त्या वेळात त्याने शिपायांकडे पाहिलं नाही. तो जागल्याकडे पाहत होता.

जागल्या जमादाराजवळ गेला. "साहेबनी सांगेल शे. पायरीपावत दोरी नही."

"वरून हुकूम आहे, म्हाताऱ्या. बाजूला हो."

"मंग मन्हा हात बी बांध."

"तू काय केलंस?"

"मी जबान दिधी."

जमादार म्हणाला, सरकारी दोरी एवढी लांब नसते. शिपाई हसले. जागल्याने आपले हात मागे नेले आणि एका मनगटावर दुसरं मनगट ठेवलं. तसाच तो तरुणाच्या शेजारून बाजारातून चालला. ओळखीची माणसं दुकानांच्या फळ्यांवरून उठून पाहत होती. एका बोहऱ्याने विचारलं, "क्यूं बाबा, तुम भी?" कचेरीच्या पायरीपर्यंत त्याने हात सोडले नाहीत.

साहेब मला नंतर म्हणाले की हुकूम धुळ्याहून आला होता आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. ते खरं होतं.

तरुणाला एक वर्षाची सजा झाली. पावसाळ्यात तुरुंगात हिवतापाची साथ आली, तीत तो गेला. खबर पाड्यावर पोहोचायला तीन आठवडे लागले. ती जागल्यानेच पोहोचवली. मग तो तिथेच, त्या बाईच्या दारात, तीर मोडला जाण्याची वाट पाहत उभा राहिला.

पुढचं त्याने मला सांगितलं. तो माझ्याकडे आला तेव्हा आश्विन लागला होता. तो ओट्यावर बसला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. हातात तीर होता, अखंड.

"तिनी मोडा नही," तो म्हणाला. "म्हने, तू बांधा नही, मंग मी तुन्हा तीर कशी मोडू? ज्यानी दगा करा तेले दखाड."

तो आधी साहेबांकडे गेला होता. साहेबांनी त्याला सांगितलं, पोलिसांना दिवस आणि वाट वर्तमानपत्रातून कळली. तेव्हा तो विचारायला आला होता. "मास्तर, तुन्हा कागदमा काय लिहेल व्हतं, ते वाच."

अंक माझ्याकडे होता. एक वाक्य गाळून वाचता आलं असतं. त्याला कळलं नसतं. मी सगळं वाचलं, मथळ्यापासून शेवटापर्यंत, आणि त्याच्या बोलीत अर्थ सांगितला.

तो म्हणाला, "ह्यामा खोटं काहीच नही."

"नाही, बाबा."

"जशे मी सांगं, तशेच शे."

"हो."

"मी तुले सांगं व्हतं. तू अख्खा मुलूखले सांगं." आवाज चढलेला नव्हता. त्याने तीर उंबऱ्यावर आडवा ठेवला. "हाऊ आते तुन्हाकडे ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं असं होईल. तो म्हणाला, "मालूम नही व्हतं, ते बी खरंच शे," आणि निघून गेला. दिवाळीनंतर त्याने जागलकी पुतण्याकडे दिली. मी त्याला पुन्हा दोन-तीनदा पाहिलं, एकदा प्रकाशा गावच्या जत्रेत. खांद्यावर कामठा नव्हता. राम राम करून तो पुढे गेला.

त्या थंडीत मी तीर घेऊन पाड्यावर गेलो. तरुणाच्या आईच्या झोपडीचं दार काट्यांनी लावलेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने खुणेने सांगितलं की ती कापूस वेचायला खाली गेली. कोणत्या गावाला, ते त्याला माहीत नव्हतं. पुढच्या थंडीत पुन्हा गेलो तेव्हा झोपडी नव्हती.

तीर वीतभर लोखंडी पात्याचा आहे, मागे मोराची पिसं सुताने बांधलेली आहेत. पिसं आता झडली. मोडण्याचा हक्क त्या बाईचा होता, म्हणून मी तो मोडलेला नाही. तो परत कोणाला द्यायचा, हे सांगू शकेल असं आता कोणी राहिलेलं नाही.