शोभाचं शोरूम आणि आमची भिंत

ग्रुपवरच्या मैत्रिणींनो, दुपारचं लगेच लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

पेठेतल्या दुकानांच्या इमारती भूकंपात टिकतील का, ते तपासायला आज इंजिनिअर आले होते. आमची इमारत एकच, खाली दोन गाळे. एकात आमची भांडी, दुसऱ्यात धाकट्या दिरांच्या साड्या. वर क्लास चालतो.

दिरांनी त्यांच्या गाळ्यातली मधली भिंत पाडून लांबलचक शोरूम केलंय. ते बघून माझा जीव जळतो, खोटं कशाला बोलू? यांच्या मागं लागून आमच्या गाळ्यातलीही तशीच भिंत पाडायला मी गवंडी ठरवला होता.

इंजिनिअर साहेबांनी आमच्या भिंतीवर थाप मारली. "हिला हात लावू नका. शेजारची पाडल्यावर वरचा भार हिच्यावरच आलाय. मोठा धक्का बसला तर ही एकटी पुरायची नाही. तिकडं खांब घालून घ्या."

माझी जाऊ शोभा हसली. "आक्का, तुमची भिंत हाय की, मग आमाला कसलं भ्या? खांबाचं दिवाळीनंतर बघू. ऐन सिझनला शोरूम उकरू व्हय?"

म्हणजे ऐसपैस जागा तिची, अडचणीत बसायचं आम्ही!

गवंड्याला नको म्हणून निरोप धाडला. देवापुढं दिवा लावला, तरी मन लागेना. तेवढ्यात क्लास सुटला, पोरं दडादडा जिना उतरली आणि ध्यानात आलं, वरचा भार म्हणजे हीच पोरं की!

खांब आत्ताच घाल, असं शोभाला सांगायलाच हवं. पण मी बोलले की "आक्का जळती" म्हणणार. आणि जळते तर मी आहेच. मग सांगू कसं? वाचल्या वाचल्या उलट कळवा.