एका पातेल्यातलं हरीण

उपेंद्र गुप्ते हा माणूस स्वतःच्या नोकरीविषयी दोन वाक्यांत बोलतो आणि मटणाविषयी समोरच्याला जांभई येईपर्यंत. नोकरी दुबईत, एसीच्या डक्टिंगची. घर शारजात. आणि या दोहोंमधला रस्ता सकाळ-संध्याकाळ असा तुंबलेला, की नवऱ्याने अर्धं आयुष्य ब्रेकवर पाय ठेवून काढलं असं त्याची बायको कुंदा म्हणते. त्या गर्दीत लोक गाणी ऐकतात, फोनवर भांडतात, हॉर्न वाजवून देश बदलता येतो का ते बघतात. उपेंद्र शांतपणे मसाल्याचा विचार करतो.

ठाण्याहून तो इथे आला तेव्हा चौघं मिळून एका खोलीत राहायचे. दिवसभर मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पांमध्ये एसीची कामं करायची आणि संध्याकाळी अंग मोडून परत यायचं. खोलीत पातेलं एकच होतं. ज्याला भूक आधी लागेल त्याने स्वयंपाक करायचा असा अलिखित नियम होता, आणि उपेंद्रला ती कायम आधी लागायची. आषाढ सरत आला की श्रावणाआधी तो एकदा दणकून मटण करायचा. ताटं घासायचा कंटाळा, म्हणून चौघंही पातेल्याभोवती बसून त्यातच खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, बुडवायचे. पुढे लग्नं झाली, दोघं भारतात परतले. राहिले उपेंद्र आणि विजयकुमार. विजयकुमार आता समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, बायको मृणालिनीसकट. चौघांचा तो आखाड हळूहळू कुटुंबांचा झाला. शारजात दारूला बंदी, त्यामुळे या आखाडाची सगळी नशा मटणावर. आणि ती कधी कमी पडली नाही.

भारी पडली ती उपेंद्रच्या हृदयाला. दोन स्टेंट घालून तो घरी आला आणि मटण बंद झालं. खरं सांगायचं तर मटणाचा काही दोष नव्हता, उपेंद्रच्या मटणाचा होता. चापांचे तुकडे, वर चरबी वेगळी मागून घेतलेली, नळ्या, आणि त्या सगळ्यावर बोटभर लाल तवंग. बिनचरबीचं मटण कर की, असं कुणी सुचवलं तर तो दुखावल्यासारखा बघायचा. त्यापेक्षा दुधी बरा म्हणायचा, आणि कुंदाने त्याचा शब्द खरा धरला.

गेल्या वर्षीचा आखाड त्याने तरीही घातला. चव न घेता, नुसत्या वासावर मटण रांधलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः टेबलाच्या टोकाला दुधीच्या सुपाची वाटी घेऊन बसला. कुणाला त्याच्याकडे बघत चावता येईना. मृणालिनीने तीनदा "वा, काय झालंय" म्हटलं आणि एकदाही पुन्हा वाढून घेतलं नाही. विजयकुमारने नळीला हात लावला नाही. चहा न घेताच मंडळी उठली. दार लावून उपेंद्र कुंदाला म्हणाला, "माझ्या तेराव्याला आल्यासारखे जेवून गेले सगळे."

तेव्हापासून त्याच्या मनाने एकच घेतलं होतं. पुढच्या आखाडाला पातेलं एकच असेल. सगळे त्यातलं खातील, आणि मीही त्यातलंच खाईन. नाहीतर हा आखाड कायमचा बंद.

मरियम ही हॉस्पिटलमधली आहारतज्ज्ञ, मूळची केरळची, आणि उपेंद्रच्या प्रश्नांना सरावलेली. दर भेटीत तो तिला हिंदीत विचारायचा, मटन कब? एकदा वैतागून तिनेच हरणाचा विषय काढला. हरणाच्या मांसात चरबी अगदी थोडी, प्रथिनं भरपूर, लोहही चांगलं. तुमच्या त्या चापांच्या मानाने कितीतरी हलकं. मात्र तिने बजावून सांगितलं, की तुकडे सगळे मिळून आपल्या तळहाताएवढेच घ्यायचे, तेही कधीमधी; आणि वर वाटीभर तेल ओतणार असाल तर हरणाला उगाच त्रास देऊ नका. उपेंद्रने मान डोलावली. हरणात चरबी जवळजवळ नाहीच, हे ऐकून त्याला उलट बरं वाटलं. कारण जे कधी खाल्लंच नव्हतं त्याची आठवण येणार नव्हती, आणि ते मटणासारखं नाही म्हणून रडायचंही कारण नव्हतं.

न्यूझीलंडचं गोठवलेलं हरीण मोठ्या सुपरमार्केटात मिळालं. उपेंद्रने सवयीप्रमाणे दिरहमचे रुपये करून पाहिले आणि पुन्हा करायचे नाहीत असं ठरवलं. पहिल्या खेपेला मांडीचे छान स्वच्छ तुकडे आणले, मसाला लावला आणि मटणाला देतो तशा कुकरच्या शिट्ट्या दिल्या. मांस शिजलं होतं यात वाद नव्हता. पण दाताखाली सुतळी उसवल्यासारखे धागे यायला लागले. मुलगी अनन्या, दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअरवाली, वडिलांची बाजू घेऊन बराच वेळ चावत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, इट्स लाइक ईटिंग अ डोअरमॅट."

दुसरा कुणी असता तर दुधीकडे परतला असता. उपेंद्रने पुढचा आठवडाभर ट्रॅफिकमध्ये बसून या अपयशाचा काथ्याकूट केला. मटण आपल्या चुका सांभाळून घेतं, कारण त्याच्याकडे चरबी असते. इथे सांभाळायला कोणी नाही. मग जोर करायचाच नाही. शिवाय तुकडाही चुकला होता. मांडी बिचारी आधीच कोरडी. त्यापेक्षा खांदा बरा, ज्यात पांढरे चिवट पडदे असतात. घाईत ते चामड्यासारखे होतात, पण मंद आचेवर हळूहळू विरघळून रश्श्याला चिकटपणा देतात, तोही तेलाशिवाय. हे सगळं तो कुंदाला रंगात येऊन सांगत होता. ती वाल सोलत होती. वर न बघता ती म्हणाली, की मग वालाचं बिरडं शिजवतो तसं शिजवा की, झाकणावर पाणी ठेवून. इतक्या वर्षांत बायकोच्या बिरड्याकडे आपण नीट पाहिलंच नाही, असं उपेंद्रला वाटून गेलं.

मग रीत बसली. खांद्याचे बिनहाडाचे मोठे तुकडे रात्रभर दह्यात, आलं-लसणात आणि मिरीत मुरवायचे. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर थोडे थोडे करून सगळ्या बाजूंनी काळपट होईपर्यंत परतायचे. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस उकडल्यासारखं दिसतं. नंतर भाजलेल्या कांद्याचं वाटण, धने, दालचिनी, तमालपत्र. सुकं खोबरं कुंदाने लपवून ठेवलं होतं, आणि खसखशीचं तर इथे नावच काढायचं नाही, ती अफूत मोजतात, थेट आत जायची सोय. म्हणून थोडे भाजलेले तीळ. तुकडे अर्धे बुडतील इतकंच गरम पाणी. वर खोलगट ताट, ताटात पाणी, खाली आच अगदी बारीक. उकळी फुटू द्यायची नाही, रस्सा नुसता हलत राहायला हवा. ताटातलं पाणी तापलं की ते आत, आणि ताटात नवीन. नाश्त्यानंतर चढवलेलं पातेलं जेवणाच्या वेळेला उतरायचं. दुसऱ्या खेपेला तुकडा चमच्याच्या कडेने तुटला. रस्सा ओठांना किंचित चिकटला. उपेंद्रने डोळे मिटून घेतले आणि कुंदाने त्याच्या पुढ्यातून पातेलं उचललं.

आता आखाड घालायचा. फक्त एक गोष्ट त्याने ठरवली, की हे काय आहे ते आधी कुणाला सांगायचं नाही. आधी खाऊ देत. कुंदाने विरोध केला, पण तो हटला नाही. खरेदीच्या दिवशी सुपरमार्केटात नेमका विजयकुमार भेटला तेव्हा त्याने पाकिटं घाईघाईने कोथिंबिरीखाली सारली, उन्हाळ्यावर चार वाक्यं बोलला आणि गुपित राखल्याच्या आनंदात घरी आला.

शनिवारी दुपारी मंडळी जमली. विजयकुमार आणि मृणालिनी, खालच्या मजल्यावरचे सुजीत आणि शुभ्रा. उपेंद्रने पातेलं आणून टेबलाच्या मध्यावर ठेवलं आणि झाकण काढलं. वास असा सुटला की एसीचाही इलाज चालेना. आत काळेभोर, मोठे, बिनहाडाचे तुकडे. मृणालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. विजयकुमार ताटाकडे बघत म्हणाला, की आज त्याचा शनिवार आहे. गेल्या वर्षीचा आखाडही शनिवारीच होता आणि तेव्हा मारुतीची काही हरकत नव्हती, हे सगळ्यांना आठवलं. सुजीतला ॲसिडिटी झाली. शुभ्राने भाकरी आणि कांद्याची कोशिंबीर घेतली आणि आपण हल्ली हलकंच खातो असं सांगितलं. अनन्या तेवढी खात होती.

उपेंद्रने आपले तळहाताएवढे तुकडे वाढून घेतले आणि पहिला घास खाल्ला. उत्तम झालं होतं. म्हणजे चव हा प्रश्नच नव्हता. यांच्या लेखी हे पेशंटचं जेवण होतं, आणि पेशंटच्या पातेल्यात हात घालायला कुणी तयार नव्हतं. पाणी आणायचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

मागून विजयकुमार आला. त्याने दार लोटून घेतलं.

"उपेंद्र, एक सांगू का? डॉक्टरने सांगितलं असेल तर तू खा. जिवापुढे काही नाही. मी कुणाला बोलणार नाही. पण आम्हाला न सांगता वाढायला नको होतंस रे."

"काय सांगितलं असेल डॉक्टरने?"

"तेच. त्या फ्रीझरमधलं. मी तिथेच उभा होतो, तू कोथिंबीर टाकलीस वर."

त्याला तो शब्द तोंडातून काढवत नव्हता. उपेंद्रच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. हरीण ठेवलेलं होतं ते गोमांसाच्या फ्रीझरमध्ये, शेजारच्याच कप्प्यात. विजयकुमारने ते मृणालिनीला सांगितलं, मृणालिनीने शुभ्राला, आणि इतकं सगळं मनात घेऊनही ही मंडळी आमंत्रण मोडायला नको म्हणून नटूनथटून जेवायला आली होती. उपेंद्रने फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, उरलेलं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. पाकिटावर शिंगांचं चित्र होतं. विजयकुमारने ते उलटसुलट करून वाचलं.

"हरीण? अरे, मग हे तर आणखी वाईट. आपल्याकडे हे खाल्लं तर आत टाकतात."

उपेंद्रने समजावलं, की हे रानातलं नाही, न्यूझीलंडला शेळ्या पाळतात तशी हरणं पाळतात, रीतसर येतं, रीतसर विकतात. विजयकुमारचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तो चिडला.

"मग सांगायला काय झालं होतं तुला? तीन दिवस झोप नाही मला."

उपेंद्रने पाकीट परत आत ठेवलं. पाठमोराच तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्यासाठी खाल्लं असतं. बिचारा हे खातो, आपणही चार घास खाऊ या, म्हणून. गेल्या वर्षीही माझं मन राखायलाच जेवलात. मला तुम्ही भूक लागली म्हणून खायला हवं होतं."

गेल्या वर्षी टाकलेली नळी विजयकुमारला आठवली असावी. त्याने मित्राच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच, आणि बाहेर जाऊन जाहीर केलं, "हरीण आहे, मंडळी, हरीण. शनिवार खलास."

शुभ्रालाच पहिल्यांदा हसू फुटलं. सुजीतची ॲसिडिटी जागच्या जागी बरी झाली. पहिले तुकडे सगळ्यांनी जरा जपून घेतले, दुसऱ्या वेळेला पळी कुणाच्या हातात आधी जाते यावर कुरकुर झाली. मृणालिनीने या वेळी "वा" म्हटलं नाही, तिचं तोंड रिकामं नव्हतं. सुजीतचं म्हणणं पडलं की तिखट कमी आहे. विजयकुमार म्हणाला मिठाचा हात आखडला आहे, आणि हाड नाही म्हणजे ही काय आखाडाची पद्धत झाली? उपेंद्र तावातावाने भांडत होता, मीठ, हाड, खांदा, मांडी, सगळ्यांवर बोलत होता. कुंदा तव्यावरून भाकऱ्या उतरवत होती, तिने एकदा डोकावून पाहिलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

शेवटी पातेल्यात एक तुकडा उरला. उपेंद्रची पळी आणि विजयकुमारचा हात एकाच वेळी आत गेले.

"तो माझा आहे," उपेंद्र म्हणाला. "मी पेशंट आहे."

"कसला पेशंट? तळहाताएवढं खाऊन झालंय तुझं. हात काढ."

आणि विजयकुमारने तुकडा उचलून सरळ तोंडात टाकला. उपेंद्र त्याला मनसोक्त शिव्या घालत राहिला. हॉस्पिटलमधून आल्यापासून त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.