धवल्यातला दुसरा आवाज

आधीच माफी मागतो. मला गाता येत नाही, कुठलं वाद्य वाजवता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे चार पानं लिहून लोकांपुढे ठेवायची सवयही घरात नाही. त्यातून विषय ध्वनिमुद्रणाचा. त्यातले शब्द मी आवडीनं शिकलो नाही, रागानं शिकलो. कुठे चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. आणि हे सगळं आधी जिला सांगायला हवं, तिला मी अजून सांगितलेलं नाही, याबद्दलही माफी.

माझी आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी आले तरी धवले गाणाऱ्या बाईशिवाय काही पुढे सरकत नाही. देवांना आवतण, हळद, सगळं तिच्या गाण्यावर चालतं. पण धवला एकटीनं होत नाही. आत्या ओळ उचलते आणि तिचा श्वास संपायच्या आत तिची जोडीदारीण तीच ओळ खालच्या आवाजात धरते. ती सोडेपर्यंत आत्या पुढची ओळ घेते. मंडपात कितीही गोंधळ असो, त्या दोघींमधलं गाणं कधी जमिनीला टेकत नाही. जोडीदारीण आत्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी होती. आवाज अगदी बारीक झालेला, पण जागा चुकायची नाही.

मी पनवेलला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा आगरी-कोळी गाण्यांच्या सीड्यांना जोर आला होता. बाजारातल्या एका सीडीवाल्यानं दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ काढला होता. त्याला धवल्याची सीडी हवी होती आणि वर्गातल्या एकाकडून त्याला आत्याबद्दल कळलं. आत्या तयार नव्हती. घरात लग्न नसताना धवला कशाला म्हणायचा, असं तिचं म्हणणं. मीच मागे लागलो. तुमच्यानंतर कोणाला येतो हा? एकदा रेकॉर्ड झाला की राहील. 'राहील' हा माझाच शब्द.

स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होता तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा. त्याला दोघींना दोन माइकांवर वेगळं उभं करायचं होतं. त्या हलल्या नाहीत, मग मध्ये एकच माइक ठेवला. हेडफोन पुढे केला तर जोडीदारीण म्हणाली, "कानान बोळे घालून कोन गातं?" मी काचेच्या अलीकडे, त्याच्या शेजारी बसलो. खाली रस्त्यावरून डंपर जात होते आणि त्यांची घरघर स्पीकरमधून ऐकू येत होती. त्यानं मला विचारलं, "इनपुटलाच गेट लावून टाकू का? हा आवाज कटेल." आमच्या तिघांत शिकलेला मी. गेट म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "हो, लावा की."

अर्ध्या तासानं आत्याला खोकला आला. त्यानं काचेपलीकडे सांगितलं, मावशी, फक्त तेवढी एक ओळ परत घ्या, मी मध्येच जोडतो. याला पंच-इन म्हणतात, हे नंतर कळलं. आत्यानं शांतपणे विचारलं, "देव बोलावलं नाय, हलद लागली नाय, आनि मधनंच लगीन लावू?"

"याचं लगीन मधनंच लागलं आसंल," जोडीदारीण म्हणाली. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, तरी तो लाजला.

धवला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्या दुसऱ्या खेपेला मध्येच वीज गेली. त्या दिवशी तीन वेळा देवांना आवतण गेलं. काचेतून मला जोडीदारणीचे ओठ हलताना दिसत होते, पण स्पीकरमधून ती तुटक-तुटक येत होती. मी भीतभीत तसं बोललो. तो म्हणाला, मिक्सिंगमध्ये बघू. मला वाटलं, हे लोक जाणतात.

दोन महिन्यांनी सीडी आली. आत्याच्या घरी बायका जमल्या. सीडीत ढोलकी होती, कीबोर्ड होता, आणि आत्याचा आवाज फूटपट्टी धरून आखल्यासारखा सरळ होता. ओळ संपली की जिथे जोडीदारणीनं धरायचं, तिथे कीबोर्डची बासरी वाजत होती. जोडीदारीण सबंध सीडीत कुठेच नव्हती. बिचारी समोर बसून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "बेस झालंय," आणि उठून घरी गेली. आत्यानं माझ्याकडे बघितलं. "हिला कुठं टाकली रं?"

मी दुकानात गेलो. सीडीवाला म्हणाला, क्लीन केलंय, आता दुबईत ऐकली तरी लाज वाटणार नाही. क्लीन! आमची काय घाण होती, जी त्यानं धुतली? त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. सायबर कॅफेत बसून, डिक्शनरी शेजारी घेऊन, मी वहीत शब्द उतरवू लागलो. पिच करेक्शन म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या जागी आत्या जो सूर मुद्दाम ठेवते, तो उचलून जवळच्या पट्टीवर बसवणं. जणू ती चुकली होती. कॉम्प्रेशन म्हणजे मोठा आवाज दाबून सगळं एका उंचीवर आणणं. आणि गेट म्हणजे ठरवलेल्या पातळीखालचा आवाज आला की त्याची वाट बंद करणं. त्या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात. तिच्याखाली जे काही असेल त्याला तिथे एकच नाव दिलं होतं, नॉइज. अर्ध्या तालुक्याची लग्नं लावलेली बाई आणि रस्त्यावरचा डंपर, यंत्राच्या लेखी एकच. ती पातळी कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या माणसाला आमच्या लग्नात कोण कोणाची ओळ धरतं हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. मला अजूनही याचा संताप येतो.

पण त्याच वाचनात एक दिलासा मिळाला. हे सगळे संस्कार नंतर होतात, डिस्कवर मूळ टेक जसेच्या तसे राहतात. त्यांना रॉ म्हणतात.

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत जोडीदारीण गेली. आत्यानं लग्नं घेणं बंद केलं. लोक बोलवायला आले की म्हणायची, "एकटीनं धवला व्हत नाय. मी ओल सोरते आनि वाट बघते." तेव्हा मी तिला वचन दिलं. म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग आहे, त्यात ती आहे, मी आणून देतो. त्यानंतर कुठलंही लग्न निघालं की ती मला विचारायची, "आनलास?"

मी किती खेपा घातल्या असतील! आधी हार्डडिस्क दुरुस्तीला गेली होती. मग ती सीडीवाल्याच्या भावाकडे होती. मग रॉ कोणी देत नसतं, आम्ही तयार माल विकतो. एकदा गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "कॉलेज शिकून पण रडगाणं संपत नाय तुमचं." लोक हसले. मी खाली मान घालून दुकानाच्या पायऱ्या उतरलो. पुढे दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला आली, स्टुडिओ बंद पडला आणि रेकॉर्डिस्ट पुण्याला गेला. त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता. मनात मी त्याच्याशी रोज भांडायचो, गेट म्हणजे काय ते त्यालाच समजावून सांगायचो.

यंदा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीडीत कीबोर्ड वाजवणारा एका हळदीत भेटला, त्याच्याकडून रेकॉर्डिस्टचा नंबर मिळाला. फोनवर मी तयारीनं बोललो, चढ्या आवाजात बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, स्टुडिओतल्या जुन्या डिस्क माझ्याकडेच आहेत, पाहून सांगतो. मी आत्याला सांगून टाकलं की सापडलंय. तिनं त्या दिवशी शेजारच्या घरचं लग्न घेतलं. म्हणाली, लग्नापर्यंत तिचा आवाज ऐकून सराव होईल.

मंगळवारी त्याचा फोन आला.

"तिन्ही टेक सापडले. पूर्ण ऐकले मी," तो म्हणाला. "पण त्यात त्या दुसऱ्या आजींची एकही ओळ धड नाही, नुसते तुकडे आहेत. तो गेट मिक्सिंगमध्ये लावलेला नव्हता, रेकॉर्ड करतानाच लावलेला होता. तो बंद असताना त्या जे गायल्या ते डिस्कपर्यंत पोचलंच नाही. कुठेच नाहीये ते."

"मग लावला कशाला?" मी विचारलं.

"डंपरचा आवाज येत होता म्हणून," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलं होतं मी."