बद्द वाजणाऱ्या पुंगळ्या

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या आत्याचं. तालुक्याच्या गावी तिचं भांड्यांचं लहानसं दुकान होतं. त्या दुकानावर मी शिकलो आणि घराण्यातला पहिला पदवीधर झालो. शाळा सुटली की नव्या मालातलं एकेक पितळी भांडं बोटानं वाजवून पाहायचं, हे माझं काम. खणखणीत वाजलं तर फळीवर, बद्द वाजलं तर परत.

साठच्या दशकात धातुशास्त्र शिकायला मी जर्मनीत आखनला गेलो. एका विधुर घरमालकाच्या माडीवर खोली मिळाली. आठवडाभर प्रयोगशाळेत माणसं असत. रविवारी मात्र दुकानं बंद, रस्ते ओस. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून मी पाठ्यपुस्तकच मोठ्यानं वाचत बसे.

एका रविवारी घरमालकांनी दार ठोठावलं. "हेर इंजिनिअर, कान शाबूत आहेत ना तुमचे?" 'हेर' म्हणजे श्रीयुत; मला ते असंच हाक मारत.

ते गावच्या नेमबाजी मंडळाचे जुने सभासद. पिस्तुलाची झाडलेली काडतुसं पुन्हा भरून वापरत. खाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा ढीग होता. एकाच कारखान्याच्या छापाच्या त्यांनी वेगळ्या काढल्या होत्या, बुडाशी चकचकीत रेघ, म्हणजे तिथून फाटण्याची खूण, दिसलेल्या टाकून दिल्या होत्या. पण तोंडाशी गेलेला केसाएवढा तडा दिसत नाही. पुंगळ्या हातात खुळखुळवून तो ऐकावा लागतो. आणि नेमबाजीनं त्यांचे कान गेले होते.

मी दोन पुंगळ्या एकमेकींवर आपटल्या. "ही बद्द आहे."

"काय?"

"बद्द!" मी ओरडलो.

"पुन्हा वाजवा. चांगली दिसतेय की!"

"दिसतेय चांगली. वाजतेय बद्द."

"तुम्ही माझं दिवाळं काढणार!"

"दिवाळं निघालं तरी बोटं राहतील."

ते इतके हसले की कॉफी सांडली. मग दर रविवारी कॉफी, केक आणि पुंगळ्या. आठवड्यातून एकदा माझी कुणीतरी वाट पाहू लागलं.

पितळ जुनं होतं. पुन्हा पुन्हा वापरून कडक झालेलं. झाडून आणलेल्या प्रत्येक खेपेत बद्द पुंगळ्या वाढत गेल्या. ढीग संपला की माझं खाली जाणंही संपणार, हे मला दिसत होतं. एखादी बद्द पुंगळी मी चांगली म्हटली असती तर त्यांना कळलं नसतं. पण ती त्यांच्या हातात फाटली असती. मी "बद्द" म्हणत राहिलो.

शेवटी त्यांनी नव्या कोऱ्या पुंगळ्यांची पेटी आणली. "आता पुष्कळ दिवस तुम्हाला त्रास नाही," असं म्हणून माझा हात दाबला. त्यांना खरंच माझा वेळ वाचवल्याचं समाधान वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी सवयीनं सदरा बदलला आणि पलंगावर बसून राहिलो. खाली कपबशी वाजली, एकच. मग मी आत्याला पत्र लिहिलं:

"ती. आत्यास सा. न.
मी खुशाल आहे. तू शिकवलेलं वाजवून पाहणं इथेही उपयोगी पडलं. ऐन लग्नसराईत तू सगळा माल बद्द म्हणून परत पाठवला होतास, आठवतं? फळ्या रिकाम्या, गिऱ्हाईक नाही, तरी तू संध्याकाळपर्यंत दुकान उघडं ठेवून बसलीस. मी तेव्हा खेळायला निघून गेलो. आत्या, तो दिवस तू कसा काढलास? तेवढं कळव."