क्लच आणि माझी कवळी

"आक्का, माजा उजवा पाय कुटं हाय, बघा बरं!"

करंजी घाटाच्या चढावर लाल स्पोर्ट्स कार मागं घसरत होती. मिस्तरी स्टिअरिंग धरून बसलेले आणि स्वतःचा पाय कुठं आहे ते मला विचारत होते. मी वाकून पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी नुसतीच जमीन दाबत होता. मी दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा अलीकडं ओढला आणि पाय ब्रेकवर दाबला. गाडी थांबली. मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या दोघांच्या घराण्यांचा उद्धार केला.

मिस्तरींनी घाम पुसला आणि विचारलं, "कवळी वाजली का?"

"वाजली. पन क्लचनं का भ्यानं, ते न्हाई सांगता यायचं."

हे तुम्हाला वेड्यांचं बोलणं वाटेल. तिसगावात मिस्तरींचं गॅरेज माझ्या भिंतीला लागून होतं. शुगरनं त्यांचे पाय बधिर झाले होते. क्लच सोडताना गाडी थरथरते का, हे पायाला कळेना. गिऱ्हाइकांना हे समजलं असतं तर गॅरेजला कुलूपच. म्हणून ते प्रत्येक गाडीत मला शेजारी बसवायचे. माझी कवळी सैल. गाडी थरथरली की खडखडायची. चौथीत शाळा सोडलेली मी म्हातारपणी हत्यार झाले, आणि त्याचा मला रुबाबही चढला. सून म्हणाली, नवी कवळी करू. मी म्हटलं, धंदा बसेल.

घाटातून उतरल्यावर मात्र मी दम दिला. "हितून पुढं तुमी चालवायचं न्हाई. न्हाईतर मीच गावभर सांगते."

"तेवढं करू नका, आक्का."

"मग गाडीच्या मालकाला चालवू द्या."

त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. सील गळून क्लचप्लेट तेलानं माखली होती, थरथर त्यानंच होती. दोन्ही बदललं. चाचणीला गाडीचा मालक, नगरचा एक तरुण, स्वतः बसला. गाडीत सीट दोनच.

"या आजी कशाला?"

"मशीन हाय ती माजी," म्हणून मिस्तरी चढाच्या कडेला उभे राहिले, माझ्या तोंडाकडं बघत.

मालकानं क्लच सोडला. मी तोंड उघडून सगळे दात दाखवले. एकही वाजला नाही. मिस्तरी रस्त्यातच टाळ्या वाजवायला लागले. त्या खोल सीटमधून मला उपसून काढायला मात्र दोघं लागले.

पुढं मिस्तरी शुगरनंच गेले, दवाखान्यात. गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. सुनेनं मला घट्ट कवळी करून दिली. ती कशानंच वाजत नाही.

त्या दिवशी घाटात गाडीत आम्ही दोघं होतो. दोघंही जिवंत उतरलो. आता मीच आहे.